नेम आणि अंतर

रायफलीची गोळी सरळ रेषेत जाते, असा समज रूढ आहे. वस्तुतः नळीबाहेर पडताच गुरुत्वाकर्षणामुळे ती खाली येऊ लागते. पॉइंट २२ रायफलीची गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर, तर १०० मीटरपर्यंत सुमारे अर्धा मीटर खाली येते. म्हणून दर्शक अशा रीतीने जुळवतात, की नळीला किंचित चढ मिळून ठरावीक अंतरावर गोळी दृष्टिरेषेस मिळावी. ५० मीटरसाठी जुळवलेल्या रायफलीची गोळी १०० मीटरवर सुमारे पाव मीटर खाली लागेल.

जुळणी अधिकृत केंद्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी. एकाच बिंदूवर नेम धरून पाच गोळ्या झाडाव्यात. समूहाचा मध्य खाली आल्यास मागील दर्शक वर, डावीकडे आल्यास उजवीकडे सरकवावा. अंतर बदलले, की जुळणी पुन्हा तपासावी.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. नव्या नेमबाजाच्या गोळ्या विखुरत असतील, तर त्यास सराव हवा. परंतु त्या एकत्र, पण एकाच बाजूस लागत असतील, तर ‘नेम कच्चा’ असा शिक्का मारण्यापूर्वी दर्शक तपासणेच न्यायाचे ठरेल.