भातुकलीतला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडद्यावर क्षणभर कंपनीचं चिन्ह चमकतं आणि गडप होतं. त्या क्षणात आत काय चालतं, ठाऊक आहे? धुळ्याच्या माझ्या भाच्याला हा प्रश्न पडला आणि घरात महाभारत झालं!

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. मी जळगावहून एस.टी.नं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला ताईकडे पोहोचलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि घरात दाजी त्याहून तापलेले. त्यांचा कापसाचा व्यापार. शेतकऱ्यांचे सगळे हिशेब त्या एकाच कॉम्प्युटरवर, आणि तो दोन दिवस बंद! निळा पडदा यायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा निळा पडदा. भाचा कोपऱ्यात मान खाली घालून.

‘‘मामा, मी फक्त बायोसमध्ये जाऊन बघितलं रे...’’

‘‘नुसतं बघितलंस, की काही बदललंस?’’

बदललं होतं. हार्डडिस्कशी बोलायची पद्धत ‘एएचसीआय’ होती, ती यानं ‘आयडीई’ केली. विंडोजला आपलीच डिस्क ओळखू येईना! मी पुन्हा एएचसीआय निवडलं, एफ-१० दाबून जतन केलं. हिशेब जिथल्या तिथे. दाजींनी पाणी मागितलं, तेव्हा कुठे भाच्याचा जीव भांड्यात पडला.

बायोस म्हणजे बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम. हे नाव १९७० च्या दशकात गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं दिलं. १९८१ च्या आयबीएम पी.सी.बरोबर ते जगभर गेलं. हा छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतो. वीज आली की आधी हा जागा होतो, मेमरी, की-बोर्ड, डिस्क तपासतो आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवतो. आता त्याच्या जागी ‘यूईएफआय’ आलंय, पण लोक अजून बायोसच म्हणतात.

मग मुलांनी याला हातच लावायचा नाही का? लावायचा, पण भातुकलीत! ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला खोटा कॉम्प्युटर. एका चौकटीत तो चालतो. त्याला मेमरी असते, डिस्क असते (खरं तर ती एक फाईलच), आणि चक्क स्वतःचं बायोसही. मी भाच्याला व्हीएमवेअर वर्कस्टेशन बसवून दिलं. २०२४ पासून ते घरगुती वापराला फुकट आहे. त्यासाठी खऱ्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावं लागतं. ते मात्र मोठ्यांना शेजारी बसवूनच तपासा.

आता गंमत. खोट्या बायोसमध्ये शिरायला एफ-२ दाबायचं. भाच्यानं वीस वेळा दाबलं, काही नाही! कारण माऊस चौकटीबाहेर होता, म्हणून बटण खऱ्या कॉम्प्युटरला जात होतं. आधी चौकटीत क्लिक करायचं, मग एफ-२. बाहेर यायला कंट्रोल आणि आल्ट एकदम. तरी चुकलंच, कारण तो पडदा डोळ्याची पापणी लवेपर्यंत जातो. त्यावर सोपा उपाय मेनूत आहे : ‘व्हीएम’, ‘पॉवर’, ‘पॉवर ऑन टू फर्मवेअर’. मशीन थेट बायोसमध्येच उघडतं.

निळा-करडा पडदा आला. इथे माऊस चालत नाही, सगळं बाणांच्या बटणांनी. भाच्यानं ‘बूट’ पानावर जाऊन सीडी-रॉमला अधिकच्या बटणानं हार्डडिस्कच्या वर चढवलं, एफ-१० दाबलं. आधी जोडून ठेवलेल्या फाईलवरून सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स सुरू झालं. त्यात मराठीही आहे, हे बघून दाजीसुद्धा खुर्ची ओढून बसले.

संध्याकाळी त्यानं मुद्दाम खोट्या बायोसला पासवर्ड घातला आणि ‘विसरला’! खऱ्या लॅपटॉपवर असं झालं तर दुरुस्तीवाल्याचे पाय धरावे लागतात. इथे मात्र या सेटिंग्ज ‘एनव्हीरॅम’ शेपटीच्या एका छोट्या फाईलमध्ये असतात. मशीन बंद करून ती फाईल पुसली की पुढच्या वेळी बायोस कोरं करकरीत.

‘‘मामा, दुकानाच्या कॉम्प्युटरची अशी फाईल कुठे असते?’’ त्यानं विचारलं.

दाजी एकदम उठून उभे राहिले.