जुना अॅम्प्लिफायर, नवा स्ट्रीमर आणि वडिलांच्या कॅसेटी

उल्हासनगर कॅम्प नंबर एकमधल्या आमच्या घरात १९९३ साली वडिलांनी आणलेला अॅम्प्लिफायर अजून चालू आहे. वडील कंपनीत पाळीला होते. दिवाळीचा बोनस हातात पडला तेव्हा त्यांनी तो इथल्याच बाजारातून जुळवून घेतला. त्यावर कोणत्या कंपनीचे नाव नाही. 'मेड इन यू.एस.ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' ही थट्टा आपण सगळ्यांनीच केली आहे. पण हा खोका तीस वर्षे टिकला हेही सांगितले पाहिजे. सोबत दोन लाकडी स्पीकर, एक डबल कॅसेट डेक आणि पत्र्याची एक पेटी. पेटीत ४३ कॅसेटी.

गेल्या महिन्यात आमचा भाचा आला. ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत आहे. पिशवीतून साबणाच्या वडीएवढी काळी डबी काढून म्हणाला, "मामा, हा स्ट्रीमर. पंधरा दिवस वापरून बघा. पटला तर तुमच्यासाठी एक मागवू." किंमत विचारली तर दहा हजारांच्या आत-बाहेर. आमची पत्नी चहा गाळता गाळता थांबली. दहा हजार म्हणजे आमच्या मुलीच्या क्लासचा एक हप्ता. आम्ही बी.कॉम. झालेले, हिशेबाच्या टेबलावर बसणारे. माल मोजून घेतल्याशिवाय बिलावर सही करत नाही. तेव्हा या डबीचीही रीतसर तपासणी करायची असे ठरले.

ही डबी करते काय? तिला स्वतःचा स्पीकर नाही. ती घरातल्या वाय-फायवर जोडली जाते, इंटरनेटवरून गाण्याचे आकडे ओढून घेते, आतली एक चिप त्या आकड्यांचा आवाज करते आणि लाल-पांढऱ्या दोन वायरींमधून तो अॅम्प्लिफायरला देते. मग ब्लूटूथमध्ये आणि हिच्यात फरक काय, असे आमच्या मुलीने लगेच विचारले. ब्लूटूथमध्ये फोन हा हमाल असतो. गाणे त्याने स्वतः उचलून, दाबून लहान करून स्पीकरपर्यंत पोचवायचे. कोणाचा फोन आला की हमाल ओझे खाली ठेवतो. फोन घेऊन तुम्ही नाक्यावर गेलात की गाणे बंद. स्ट्रीमरमध्ये फोन नुसता मुकादम. कोणते गाणे लावायचे एवढे सांगून तो मोकळा, ओझे डबी वाहते. फोन बंद पडला तरी बहुतेक वेळा गाणे चालू राहते.

जोडताना आमची एक चूक झाली. अॅम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जागा मोकळी होती, तिथे वायरी खुपसल्या. आवाज असा फाटला की आई दचकून उठून बसली. फोनोची जागा रेकॉर्डच्या सुईसाठी असते. सुईचा आवाज फार क्षीण असतो, म्हणून तो तिथे कितीतरी पटींनी वाढवला जातो आणि त्याचा खर्ज-तीव्रही बदलला जातो. स्ट्रीमर, फोन, टीव्ही यांच्या वायरी 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेल्या जागीच लावाव्यात. दुसरी अडचण वाय-फायची. आमच्याकडे भिंतीला भिंत लागून घरे, प्रत्येक घरात एक राऊटर. संध्याकाळी सगळे घरी आले की गाणे मध्येच अडखळू लागले. डबी राऊटरच्या जवळ सरकवली तेव्हा थांबले. डबीला लॅनच्या वायरीची जागा असेल तर थेट वायर लावणे सगळ्यात चांगले.

आता मुख्य तपासणी. तीन गोष्टी एकाच अॅम्प्लिफायरला लावल्या: भाच्याचा स्ट्रीमर, बाजारातला काहीशे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर आणि मुलीचा जुना अँड्रॉइड फोन. त्या फोनची काच तडकलेली, पण इअरफोनचे भोक शाबूत. तिथून साधी वायर अॅम्प्लिफायरला. मध्ये चादर टांगली. तिच्यामागे मुलीने वायरी बदलायच्या आणि आम्ही अलीकडून ओळखायचे. आधी तिघांचा आवाज सारखा करून घेतला. हे फार महत्त्वाचे, कारण जो आवाज किंचित मोठा तोच माणसाला चांगला वाटतो, आणि दुकानातला विक्रेता नेमके हेच करतो!

मग दोघा-दोघांची जोडी लावून दहा-दहा वेळा वाजवले. स्ट्रीमर की ब्लूटूथ, यात आमच्या भाच्याने दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखले. आमचे सहा आले, आईचे चार. स्ट्रीमर की जुना फोन, यात भाच्याचेही पाचच बरोबर आले. नाणे उडवले असते तरी पाचच्या आसपासच आले असते. भाचा जरा हिरमुसला.

भाच्याला जो फरक ऐकू आला तो नव्या, स्वच्छ ध्वनिमुद्रणात. साठ-सत्तरच्या दशकातल्या लोकगीतांत आम्हा कोणालाच काही कळले नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. पण मुळात ढोलकी, पेटी आणि गायक जुन्या काळच्या मोजक्या माइकवर उतरले असतील, तर जे तिथे नव्हतेच ते डबी कुठून आणणार? या दर्जाचा एक तास म्हणजे न दाबता सुमारे ६३५ एम.बी.; ३२० किलोबिटचा एक तास म्हणजे १४४ एम.बी. ज्यांच्या घरी राऊटर नाही आणि फोनच्या रोजच्या दीड जी.बी.वर सगळा कारभार चालतो, त्यांनी आधी हे गणित करावे.

इथवर हिशेब सोपा होता. खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी आईने काढला. म्हणाली, "आता वामनदादांचं लाव." वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी सापडली, प्रल्हाद शिंदे यांचीही भरपूर सापडली. मात्र कित्येक गाण्यांपुढे गायकाचे आणि कॅसेट कंपनीचे नाव, कवीच्या नावाचा पत्ता नाही. शोधताना रोमन लिपीत नावाचे स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालावे लागले. कॅसेटच्या कागदावर निदान बारीक अक्षरात 'गीत' म्हणून नाव छापलेले असायचे.

मग आई म्हणाली, "आणि ह्यांची ती एक्क्याण्णवची?"

ती कॅसेट कोणत्याही कंपनीची नाही. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९१ साली, वस्तीत गायन पार्टीचा सामना झाला होता. वडिलांनी शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर स्टेजच्या पायाशी ठेवून तो भरून घेतला. दोन गाण्यांच्या मध्ये देणगीदारांची नावे वाचणारा आवाज वडिलांचा आहे. पाच रुपये, अकरा रुपये, एकवीस रुपये. वडिलांचा दुसरा आवाज आमच्याकडे नाही. याच कॅसेटची एक नक्कल वालधुनीकाठी राहणाऱ्या मावशीकडे होती. ती २६ जुलै २००५ च्या पुरात गेली. म्हणजे जगात ही एकच प्रत, आणि ती जगातल्या कोणत्याही स्ट्रीमिंगवर मिळणार नाही.

आमचे मत तिथेच फिरले. डबी किती गोड वाजते यापेक्षा आपल्या घरची गाणी ती वाजवू शकते का, हे आधी विचारायला हवे होते. चांगले स्ट्रीमर ते करू शकतात. राऊटरला किंवा संगणकाला लावलेल्या डिस्कवरची गाणी ते वाचतात, 'डी.एल.एन.ए.' किंवा 'यू.पी.एन.पी.' चालते का, एवढे घेताना विचारावे. जी डबी फक्त कंपनीच्या ॲपवर आणि इंटरनेटवर अवलंबून आहे तिच्यापासून दोन हात लांब राहावे. गूगलने २०१५ साली क्रोमकास्ट ऑडिओ नावाची अशीच स्वस्त, चांगली डबी काढली आणि २०१९ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. विंक म्युझिक आपल्याकडे कितीजण वापरत होते. २०२४ साली ते बंद झाले. त्या ॲपवर 'डाउनलोड' करून ठेवलेली गाणी आपली आहेत असे ज्यांना वाटले, त्यांना ती आपली नव्हती हे तेव्हा कळले.

सबब आधी कॅसेटी उतरवायच्या. डेकच्या 'लाइन आउट'मधून वायर यू.एस.बी. साउंड कार्डाला आणि तिथून संगणकाला. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने आधी पुसावे. वर्षानुवर्षे न वाजलेली कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून घ्यावी, आणि वरच्या कडेची छोटी पट्टी शाबूत असेल तर ती तोडावी, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, त्यात घाई चालत नाही. एमपी३ न करता 'फ्लॅक' करावे. न दाबलेल्या फाईलपेक्षा जागा कमी लागते आणि आवाजातले काही कापले जात नाही. प्रत्येक फाईलच्या नावात गायक, कवी, वर्ष आणि ठिकाण लिहावे. आम्ही दोन डिस्क घेतल्या. एक घरी, दुसरी बहिणीकडे बदलापूरला. दोन्ही एकाच घरात ठेवून उपयोग नाही, हे मावशीच्या घरात पाहिले आहे.

शेवटी खरेदी झाली ती अशी: साउंड कार्ड, दोन डिस्क आणि एक वायर. स्ट्रीमर घेतला नाही. तडकलेल्या काचेचा फोन अॅम्प्लिफायरशेजारी कायमचा बसवला. त्यावर व्ही.एल.सी. घातले, ते राऊटरला लावलेल्या डिस्कवरची गाणी वाचते. सिम काढून टाकले, म्हणून कोणाचा फोन येत नाही. गैरसोय एवढीच की गाणे बदलायला उठावे लागते; आईला उठवत नाही, ती नातीला हाक मारते. ज्यांच्याकडे असा फोन नाही, किंवा दोन खोल्यांत एकच गाणे हवे आहे, आणि पैशाची ओढ नाही, त्यांनी स्ट्रीमर जरूर घ्यावा. वस्तू वाईट नाही. भाच्याला त्याची डबी आणि सोबत आईने केलेल्या चकल्यांचा डबा परत दिला.

४३ पैकी १७ कॅसेटी उतरवून झाल्या. एक्क्याण्णवचीची 'ए' बाजू गेल्या रविवारी झाली. अकरा रुपयांच्या एका देणगीदाराचे नाव वडिलांनी चुकीचे वाचले आहे, मागून कोणीतरी ओरडून दुरुस्त करतो आणि वडील हसतात. तो ओरडणारा कोण, हे आईला आवाजावरून लगेच कळले. 'बी' बाजू या रविवारी लावणार आहोत.