रोप बुटकं, भूक पुरेपूर

बाल्कनीत चेरी टोमॅटो लावायचं मनात आलं की पुष्कळ जण दुकानातून आणलेल्या डब्यातलीच दोन पिकलेली फळं पिळतात आणि बी कुंडीत टाकतात. फळ एवढंसं, म्हणजे झाडही एवढंसं, हा त्यामागचा हिशेब. बी उगवतं झकास, आणि दोन-अडीच महिन्यांत शेंडा ग्रिल ओलांडून वरच्या मजल्याकडे निघतो. बाजारातले चेरी टोमॅटो बहुतांशी पॉलिहाउसमध्ये दोरीवर चढवलेल्या संकरित जातींचे असतात. सहा-सात फूट ही त्यांची सहज उंची. शिवाय संकरित फळातल्या बियांपासून मूळ झाडासारखंच रोप येईल याची खात्री नसते. फळाच्या आकारावरून झाडाची उंची सांगता येत नाही.

मग पाकिटावर ‘ड्वार्फ’ छापलेलं बी आणलं की काम झालं? तेवढंही सोपं नाही, कारण बुटकेपणा वेगळा आणि शेंड्याची वाढ आपोआप थांबणं वेगळं. पेरं आखूड, खोड जाड, पानं गडद आणि सुरकुतलेली, ही बुटक्या जातीची ओळख. ठरावीक फुलोरे आले की शेंडा थांबणं हा निराळ्या जनुकाचा गुण. तो 1914 साली फ्लोरिडातल्या एका झाडात पहिल्यांदा दिसला. फ्लोरिडातच 1989 मध्ये जाहीर झालेल्या ‘मायक्रो टॉम’मध्ये हे दोन्ही गुण आहेत, म्हणून तो सहा-आठ इंचांवरच थांबतो. उलट अमेरिकेतले क्रेग लेहूलिए आणि ऑस्ट्रेलियातल्या पॅट्रिना नस्क स्मॉल यांनी 2005 च्या सुमारास हौशी बागप्रेमींना जोडून सुरू केलेल्या ‘ड्वार्फ टोमॅटो प्रोजेक्ट’मधल्या पुष्कळ जाती तीन-चार फूट होतात आणि हळूहळू का होईना, वाढतच राहतात. तेव्हा ‘ड्वार्फ’ या एका शब्दावर न जाता पाकिटावर उंचीचा आकडा शोधावा. तो नसेल तर ते पाकीट मी तरी घेत नाही.

जाता जाता एक शंका मिटवू. एवढं लहान झाड म्हणजे जनुकीय फेरफार केलेलं असणार, असं काही जण ठामपणे सांगतात. मायक्रो टॉम साध्या संकरातून तयार झाला आहे. प्रयोगशाळांनी तो पुढे उचलला, तो जागा कमी लागते आणि फळं लवकर येतात म्हणून. भारतात जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोच्या लागवडीला परवानगीच नाही.

बगलफुटी खुडण्याचा सल्लाही सरसकट दिला जातो. उंच वाढणाऱ्या वेलीला तो ठीक. सहा-आठ इंचांच्या झुडपाचे बगलेतले फुटवे खुडले, तर पुढची फळंच खुडल्यासारखं होतं. फार तर मातीला टेकणारी पानं काढा.

खरा गैरसमज मात्र भुकेचा आहे. लहान झाडाला ऊन थोडं, पाणी थोडं, खत चिमूटभर, असं धरून चाललं जातं. बुटकेपणानं वाचते ती फक्त उंची. फळात साखर भरायची तर सहा तास थेट ऊन लागतंच, आणि इथे बाल्कनीची दिशा महत्त्वाची ठरते. टोमॅटोचा चांगला हंगाम म्हणजे आपला हिवाळा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे पुण्या-मुंबईत दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन अगदी आतपर्यंत येतं. उत्तरेच्या बाल्कनीत सप्टेंबरअखेर ते मार्च थेट ऊन जवळपास येतच नाही. तिथे ‘उजेड तर भरपूर आहे’ म्हणून रोपं ठेवली की ती लांबुडकी, फिकट होतात. पाण्याचंही तसंच. सहा इंचांच्या कुंडीत मातीच मूठ-दोन मूठ. वारं आणि ऊन असेल तर संध्याकाळपर्यंत ती कोरडी. मोठ्या कुंडीपेक्षा लहान कुंडीकडेच जास्त लक्ष द्यावं लागतं. नुसतं कोकोपीट भरलं असेल तर त्यात पोषण नसल्यातच जमा, म्हणून गांडूळखत हवंच. पण नत्र फार झालं तर पानांचं जंगल आणि फुलं नावाला.

फुलं आली आणि देठातून गळून गेली, की दोष मधमाश्यांवर जातो: दहाव्या मजल्यावर त्या येणार कुठून? टोमॅटोचं फूल जवळून पाहा. पिवळ्या पाकळ्यांच्या मध्ये परागकोश एकमेकांना चिकटून एक निमुळती नळी झालेली असते आणि स्त्रीकेसर तिच्या आतच. पराग बाहेर पडायला हवी ती थरथर. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तेव्हा ती मिळते, वाऱ्यानंही मिळते. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलोऱ्याच्या देठावर बोटानं टिचकी मारली तरी पुरते. बॅटरीच्या टूथब्रशची पाठ देठाला टेकवली तर आणखी छान. ऊन चढल्यावर थोडी पिवळी भुकटी उडताना दिसते.

टिचकी मारूनही फुलं गळत असतील तर तापमान बघा. दिवसा 35 अंशांच्या आसपास आणि रात्रीही उकाडा असेल तर परागच नीट तयार होत नाहीत. मुंबईच्या मे महिन्यात झाड हिरवंगार राहतं आणि फळ धरत नाही ते यामुळे. खत वाढवून काही होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेलं रोप थंडीत फुलावर येतं आणि हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

अंड्याची टरफलं चुरून घालणं निरुपद्रवी आहे, पण फळाचं बूड काळं पडण्यावरचा तो उपाय नाही. मातीत कॅल्शियम बहुधा असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं, आणि कुंडी कधी खडखडीत तर कधी तुडुंब असली की तो पुरवठा तुटतो. चेरी जातींत हा रोग तसाही कमीच. ‘एप्सम सॉल्ट’ टाकाल तर त्यातलं मॅग्नेशियम उलट कॅल्शियमच्या आड येतं.

कुंडीच्या तळाशी खडे घातले की निचरा होतो, हेही कानोकानी आलेलं. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भिजेपर्यंत खाली खड्यांत उतरत नाही. ओल वर मुळांशीच थांबते आणि आधीच लहान कुंडी आणखी उथळ होते. भोकावर एखादी खापरी ठेवा आणि वरपर्यंत माती भरा.

फळ झाडावर लालबुंद होईपर्यंत थांबायचीही सक्ती नाही. रंग फिरू लागला की ते खुडून घरात ठेवलं तरी पिकतं, त्याला ऊन लागत नाही. तापमान 30 अंशांच्या वर असेल तर लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-केशरी राहतं. अशा वेळी सावलीतच ते चांगलं रंगतं आणि बुलबुलांच्या चोचीतूनही वाचतं. फक्त फ्रीजमध्ये ठेवू नका, वास आणि चव दोन्ही उतरतात. आणि सारासाठी पातेलंभर टोमॅटो एका कुंडीतून निघतील अशी आशाही नको. मायक्रो जातीचं झाड पेरणीपासून साधारण तीन महिन्यांत फळं देतं आणि लवकरच थकतं, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी दोन-दोन बिया नव्यानं टाकत राहाव्या लागतात.