काचेतलं तळं (लेखांक ९) : अंडी आईबापांकडेच राहू द्या

मागच्या लेखांकात एंजल माशांची जोडी कशी जमते ते आपण पाहिलं. लहान वयाची सहा-आठ पिल्लं एकत्र वाढवायची आणि त्यांतली जोडी त्यांनाच ठरवू द्यायची, इथपर्यंत आपण आलो होतो. जोडी जमली, तिला वेगळी टाकी मिळाली, आता पुढे काय?

एंजल हा अॅमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड. सिक्लिड कुळात दीड हजारांहून जास्त जाती आहेत. आपल्या अनेक धरणांमध्ये सापडणारा तिलापिया याच कुळातला. केरळचा करीमीन, ज्याला गोव्यात काळुंदर म्हणतात, तोही याच कुळातला. अंडी आणि पिल्लं सांभाळणं हे या कुळाचं मोठं वैशिष्ट्य. बहुतेक मासे अंडी सोडतात आणि निघून जातात, सिक्लिड थांबतात. म्हणून सिक्लिड पाळणाऱ्याचं काम इतरांपेक्षा वेगळं आहे. पिल्लं वाढवणारे आईबाप टाकीतच असतात. आपण त्यांना चांगलं पाणी, चांगलं खाणं आणि शांतता द्यायची.

अंडी घालण्याआधी एक-दोन दिवस जोडी जागा साफ करायला लागते. तोंडाने एकच पान किंवा फिल्टरची नळी पुन्हा पुन्हा घासली जात असेल, तर वेळ जवळ आली असं समजा. दोघांच्याही पोटाखाली छोटी नळी दिसू लागते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. या दिवसांत ती नीट पाहून घ्या, कारण एरवी एंजलमध्ये नर-मादी ओळखणं फार कठीण. दोन माद्यासुद्धा जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडीही घालतात. ती अंडी एकजात पांढरी पडली, की लोक पाण्याला दोष देत बसतात.

अॅमेझॉनमध्ये एंजल उभ्या, रुंद पानांवर अंडी घालतात. घरी त्यांना उभा, सपाट, स्वच्छ पृष्ठभाग द्यायचा. पाटीचा दगड तिरका टेकवून ठेवला तरी चालतो, जाड प्लास्टिक पाइपचा तुकडाही चालतो. घरात उरलेला शहाबादी फरशीचा किंवा कडप्प्याचा तुकडा मात्र नको. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि पाण्यात राहिले की पाणी कठीण करतात. एंजलच्या अंड्यांना मऊ पाणी लागतं. फार कठीण पाण्यात अंडी फळण्याचं प्रमाण घटतं. मुंबईत नळाला तलावांचं पाणी येतं, ते मुळातच मऊ असतं, त्यामुळे तिथल्या वाचकांना फारशी चिंता नाही. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी त्यात आरओचं पाणी मिसळावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते टाकीत घालायचं, हे आपण तिसऱ्या लेखांकात पाहिलंच आहे. तापमान २७ ते २८ अंश ठेवा. टाकी निदान १८ इंच उंच हवी.

मादी पानावरून खालून वर सरकत ओळीने अंडी चिकटवत जाते आणि तिच्या मागोमाग नर त्याच ओळीवरून फिरतो. हे तास-दीड तास चालतं. अंडी मधाच्या रंगाची, जेमतेम मिलिमीटरभर. चांगल्या वाढलेल्या जोडीची काही शे सहज. त्यानंतरचा काळ पाहण्यासारखा असतो. दोघं पाळीपाळीने अंड्यांसमोर उभे राहून परांनी पाणी हलवत राहतात. जे अंडं फळलं नाही ते पांढरं पडतं, त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते. म्हणून आईबाप तेवढंच अंडं नेमकं उचलून खातात. हे पाहून पुष्कळजण घाबरतात आणि मासे अंडी खातायत असं समजून पान बाहेर काढतात.

इथे या लेखाचा खरा मुद्दा येतो. अंडी वेगळ्या टाकीत हलवून, हवेचे बुडबुडे सोडून, मिथिलीन ब्लू या बुरशीरोधक औषधाचे थेंब टाकून पिल्लं काढायची पद्धत व्यापारी मत्स्यपालनात सर्रास आहे. तिथे ती योग्यही आहे, कारण तिथे हिशेब पिल्लांच्या संख्येचा असतो. घरी आपल्याला शेकडो पिल्लं विकायची नसतात. अंडी काढून घेतली की जोडीचं पालकत्व तिथेच थांबतं आणि ती लगेच पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते. अंडी सांभाळायची वेळच येत नाही. नवी जोडी पहिल्या एक-दोन वेळा अंडी खाते हे खरं, पण त्यामागे बहुतेकदा भीती असते. टाकीसमोरून सतत माणसं जात असतील, टाकीत दुसरे मासे असतील किंवा रात्री एकदम अंधार होत असेल, तर जोडी बावरते. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावा, रात्री खोलीत मंद दिवा राहू द्या आणि तीन-चार वेळा तरी वाट पाहा. बऱ्याच जोड्या तेवढ्यात तयार होतात.

प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी ज्वेलफिश नावाच्या आफ्रिकी सिक्लिडच्या एका नराविषयी लिहिलं आहे. संध्याकाळी भरकटलेली पिल्लं तोंडात धरून घरट्यात पोचवण्याचं काम तो करत होता. नेमका तोंडात गांडुळाचा तुकडा असताना त्याने एक पिल्लू उचललं. क्षणभर तो थबकला, मग दोन्ही तळाशी टाकलं, गांडूळ खाल्लं आणि पिल्लू उचलून घरट्यात नेलं. ज्यांनी अंडी काढून घेतली त्यांना असं काही पाहायला मिळत नाही, आणि माझ्या मते सिक्लिड पाळण्यातला मोठा आनंद तोच आहे.

साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लांच्या डोक्यावर चिकट ग्रंथी असतात, त्यांच्या आधाराने ती पानाला लटकून वळवळत राहतात. सुटून खाली पडलेलं पिल्लू आईबाप तोंडात धरून परत चिकटवतात. कधी सगळा घोळका नव्या पानावर नेतात. या पाच-सहा दिवसांत पिल्लं पोटातल्या बलकावर जगतात. त्यांना काहीही खायला घालू नका.

पोहायला लागली की मात्र त्याच दिवशी खाणं हवं. अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवांइतकं चांगलं दुसरं काही नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त पडतो खरा, पण तो पाणी नासवतो, तो टाळाच. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ घालून, बाटलीत खालून हवा सोडत, २८ अंशांना आर्टेमियाची अंडी साधारण चोवीस तासांत फुटतात. मग हवा बंद करून बाटलीच्या तळाशी दिवा धरा. जिवंत पिल्लं उजेडाकडे येतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. बारीक नळीने तळाचं पाणी काढा, कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुऊन दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं घाला. पिल्लांचं पोट नारिंगी दिसलं की ती जेवली.

खाणं वाढलं की घाण वाढते, आणि पिल्लं मरतात ती बहुधा त्या घाणीतून तयार होणाऱ्या अमोनियामुळे. पीएच सातवरून आठवर गेला तर तोच अमोनिया जवळपास दहापट विषारी ठरतो. फिल्टर स्पंजचाच लावा, म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत. आणि तो आधीपासून चालू टाकीत मुरलेला असावा. तळाची घाण रोज नळीने काढा, तेवढंच तापमान जुळवलेलं पाणी हळूहळू भरा. जिथे वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असायलाच हवा.

तीन-चार आठवड्यांत पिल्लांना एंजलचा आकार येतो, आणि तेव्हाच टाकी अपुरी पडू लागते. म्हणून अंडी दिसली त्याच आठवड्यात ओळखीच्या दुकानदाराशी आणि इतर हौशी मंडळींशी बोलून ठेवा. जास्तीची पिल्लं विहिरीत, तलावात किंवा ओढ्यात कधीही सोडू नका. तिलापिया १९५२ मध्ये आपल्या देशात मुद्दाम आणला गेला आणि आज तो असंख्य जलाशयांत स्थानिक माशांच्या जागा बळकावून बसला आहे. तुमच्या टाकीतला मासा तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या टाकीतच राहू द्या.