पेशी वाढल्या, मग धाप का लागली?

मामूंच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मुमानींनी दवाखान्याच्या जिन्यातच अल्हम्दुलिल्लाह म्हटले. ल्युकेमियाच्या केमोनंतर दोन आठवडे शंभराखाली असलेल्या न्यूट्रोफिल पेशी नऊशेवर गेल्या होत्या. आम्ही सगळ्या नातेवाइकांना फोन केले. त्याच रात्री मामूंना धाप लागली. ऑक्सिजन ८८ वर आला.

"पेशी नव्हत्या तेव्हा ताप होता, पण श्वास बरा होता. आता पेशी आल्या तर हे असं का?" मुमानींनी डॉक्टरांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. शिक्षकाची सवय, दुसरे काय!

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण १५०० पेक्षा जास्त असतात. केमोच्या औषधांमुळे हाडांतील मगजात त्या तयार होणे मंदावते. संख्या ५०० च्या खाली गेली की जंतू आणि बुरशी फुफ्फुसात सहज शिरकाव करतात. पण लढणारेच नसल्यामुळे खोकला, कफ कमीच असतो. छातीचा एक्स-रेसुद्धा साफ दिसू शकतो. पेशी परतल्या की त्या संसर्गाच्या जागी गर्दी करतात आणि तेथे दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. मग बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, फुफ्फुसातील हवेच्या पिशव्यांत पाणी साचते आणि श्वास अडतो. त्या काळात ज्यांना आधीच न्यूमोनिया झालेला असतो, त्यांना हा धोका जास्त. मामूंचा ताप त्यातलाच होता.

अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा संसर्ग असेल तर याच दिवसांत थुंकीतून रक्त येऊ शकते. सीटी स्कॅनवरचा डाग औषध लागू पडत असतानाही पहिल्या आठवड्यात मोठा दिसतो. हे आधी माहीत असते तर आमची निम्मी रडारड वाचली असती.

पेशी वाढवणारी इंजेक्शने चालू असतील तर ती केव्हा थांबवायची हे डॉक्टरच ठरवतात. घरच्यांनी मनाने बंद करू नयेत, की जास्त द्या म्हणून आग्रहही धरू नये. रुग्ण घरी असेल तर पेशी वाढू लागल्यानंतरचे काही दिवस ऑक्सिमीटर जवळ ठेवावा. बोलताना दम लागला, ऑक्सिजन उतरू लागला, थुंकीत रक्त दिसले किंवा ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणखी एक. रिपोर्ट चांगला आला की आपल्याकडे अयादतीला येणाऱ्यांची रीघ लागते. सर्दी झालेला भाचासुद्धा सलाम करायला येतो! त्याला फोनवरच दुआ करायला सांगावे. रुसला तर रुसू द्यावा.

मामू पाच दिवस आयसीयूत ऑक्सिजनवर होते, मग सावरले. दुसऱ्या केमोनंतर पेशी वाढल्याचे कळले तेव्हा मुमानींनी आधी ऑक्सिमीटरचे सेल बदलले, मग आम्हाला फोन केला.