बाराव्या प्रश्नाला दुभंगणारी भिवंडी

भिवंडीत डॉबी बसवलेला माग पाहायला मिळाला, तर नजर जरा वर न्यावी. सगळ्यांचं लक्ष धोट्याकडे जातं, कारण खडखडाट त्याचा असतो. पण कापडावर कोणती नक्षी उमटणार, हे ठरतं वर डॉबीत फिरणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या साखळीवर. पट्टीत ओळीनं भोकं असतात. काहींत खुंटी ठोकलेली, काही रिकामी. खुंटी असेल तर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांची एक चौकट उचलली जाते. नसेल तर ती खालीच राहते. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, ओढून नेतो, साखळी एक पट्टी पुढे सरकते, पुन्हा तेच. शर्टाच्या कापडावरची ती बारीक शंकरपाळ्यांची नक्षी म्हणजे खुंट्यांनी दिलेली हजारो ‘हो’ आणि ‘नाही’ अशी उत्तरं.

संगणक शून्य आणि एकावर चालतो, हे वाक्य शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते लाकडात आणि सुतात डोळ्यांसमोर चालताना दिसतं ते असं. जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये भोकं पाडलेले पुठ्ठे मागाला जोडले. हीच कल्पना चार्ल्स बॅबेजनं आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथनं माणसांची मोजदाद भोकाभोकांच्या कार्डांवर केली. लाखो यंत्रमागांचं भिवंडी हे गाव संगणकाच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी आहे, असं मी अगदी मनापासून मानतो.

आणि त्याच गावाच्या वेशीवर या वृक्षाचा शेंडाही आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, मानकोली, दापोडे: एकेकाळी भातशेतीची असलेली ही गावं आज गोदामांची आहेत. जवळ मुंबई-आग्रा रस्ता, हाताशी न्हावाशेवा बंदर, आणि मुंबईचा जकात नाका मात्र पलीकडे. म्हणून व्यापाऱ्यांनी माल इथे साठवला. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला, जकात गेली, राज्याराज्यांत वेगळी गोदामं ठेवण्याचं कारणही उरलं नाही. मग छोट्या गाळ्यांच्या जोडीला अवाढव्य शेड उभ्या राहिल्या. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांची गोदामं याच परिसरात आहेत.

अशा गोदामात माल कसा लावत असतील? घरात आपण डाळी एका फळीवर, मसाले दुसऱ्या फळीवर ठेवतो. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या गोदामांत बऱ्याचदा नेमकं उलट करतात. जिथे मोकळी जागा सापडेल तिथे वस्तू ठेवायची. एकाच खणात चार्जर, लहान मुलाचा झगा, हळदीची पुडी. अट एकच: आधी वस्तूवरची रेघोटी स्कॅन करायची, मग खणावरची. संगणकाला दोघांची जोडी कळली, की पुढे माणसानं काही लक्षात ठेवायचं नाही. त्यानं शोध उलट वेगवान होतो. एकच वस्तू दहा ठिकाणी विखुरलेली असल्यानं काढायला निघालेल्या माणसाला त्यातली एखादी जवळच सापडते. एकसारख्या दिसणाऱ्या वस्तू शेजारी नसल्यामुळे चुकीची उचलली जाण्याची शक्यता घटते. एखाद्या मालासाठी राखून ठेवलेली जागा रिकामी पडत नाही. अव्यवस्था इतकी शिस्तीची असू शकते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. याच स्कॅनरमुळे काम करणाऱ्याचा प्रत्येक सेकंदही मोजता येतो, हेही विसरू नये; कुठल्या सेकंदाचा हिशेब माणसाकडे मागायचा आणि कुठल्या नाही, हे यंत्रावर सोडण्याची गोष्ट नाही.

ती रेघोटी, म्हणजे बारकोड, नॉर्मन जोसेफ वुडलंड याला फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर सुचली. मोर्सच्या संकेतातले ठिपके आणि रेघा त्यानं बोटांनी वाळूत खाली ओढल्या. जाड-बारीक पट्टे तयार झाले. १९५२ मध्ये त्याला आणि बर्नार्ड सिल्व्हरला पेटंट मिळालं. पण दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचून विक्री झाली ती २६ जून १९७४ ला, ओहायोत, च्युइंगमच्या एका पाकिटाची. त्याचं पुढचं भावंड क्यूआर कोड. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटानं तो बनवला. तीन कोपऱ्यांतले चौकोन पाहा: कुठल्याही दिशेनं मधोमध रेघ मारली तरी काळं-पांढरं १:१:३:१:१ याच प्रमाणात येतं. छापील मजकुरात सहसा न आढळणारं प्रमाण त्यांनी शोधून काढलं होतं. म्हणून कॅमेरा तिरका धरला तरी कोड सापडतो. आणि सर्वात भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग बिघडला तरी उरलेल्यातून पूर्ण मजकूर परत मिळतो. यंत्रमागाच्या शेजारच्या चहाच्या गाडीवर, सुताचा भुगा बसलेल्या स्टिकरवरूनही दहा रुपये जातात, त्यामागे १९६० मधलं रीड आणि सॉलोमन यांचं गणित आहे.

वस्तूला नंबर मिळाला, खणाला मिळाला. आता घर उरलं.

घरापर्यंतची निम्मी वाट एका मराठी माणसानं घालून दिली होती. श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांच्या पुढाकारानं १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. भिवंडीचा ४२१३०२ घ्या. पहिल्या ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पुढचे आकडे क्षेत्र आखडत नेतात. शेवटचे तीन टपाल कार्यालयाशी पोहोचवतात. तिथून पुढचं पोस्टमनच्या डोक्यात.

२७ मे २०२५ ला टपाल खात्यानं डिजिपिन खुला केला. हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्यासोबत तयार केलेला, दहा अक्षरांचा. कल्पना अशी: भारत मावेल असा ३६ अंशांचा एक चौकोन घ्यायचा, अक्षांश २.५ ते ३८.५, रेखांश ६३.५ ते ९९.५. त्याचे १६ चौकोन करायचे, प्रत्येकाला एक अक्षर किंवा आकडा. निवडलेल्याचे पुन्हा १६. असं दहा वेळा. सोळातून एक निवडायला ‘हो किंवा नाही’चे चारच प्रश्न पुरतात. म्हणजे एकूण चाळीस प्रश्न, आणि हाती येते जवळपास चार मीटर लांब, चार मीटर रुंद अशी जमीन. चाळीस उत्तरांनी सुमारे १ लाख १० हजार कोटी चौकोन वेगळे ओळखता येतात. खुंटी आहे की नाही, एवढ्यावर अख्खा देश!

हे प्रश्न मी कागदावर सोडवत गेलो. पहिला: साडेवीस अंशांच्या उत्तरेला की दक्षिणेला? भिवंडी दक्षिणेला, मालेगाव, तेही यंत्रमागांचं गाव, उत्तरेला, त्यामुळे पहिल्याच प्रश्नाला वेगळं पडतं. दुसरा: ८१.५ रेखांशाच्या पूर्वेला की पश्चिमेला? पश्चिमेला. इचलकरंजी सहाव्या प्रश्नापर्यंत सोबत राहते, सातव्याला सव्वाअठरा अंशांची रेषा येते आणि ती दक्षिणेकडे जाते. अकरा प्रश्न झाले. बाराव्याला विचारलं जातं: ७३.०६२५ रेखांशाच्या कुठल्या बाजूला? ही रेषा चक्क भिवंडी शहरातून जाते. पश्चिमेकडचे कोड ‘४ एफ के’नं सुरू होतात, मानकोलीच्या गोदामांपासून मुंबईपर्यंत, पूर्वेकडचे ‘४ एफ ४’नं, कल्याणसुद्धा. कुणी ठरवून आखलेली नाही ही सीमा. भागाकारातून आपोआप उगवलेली आहे.

या कोडला उणिवा आहेत. उंची तो मोजत नाही. चार मजली इमारतीतल्या एकावर एक असलेल्या खोल्यांचा कोड एकच. चाळीत पाठीला पाठ लावलेल्या दोन खोल्या एका चौकोनात येऊ शकतात. तरी माझा जीव यात गुंततो तो मागावर काम करणाऱ्यांमुळे. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला माणूस पत्ता सांगतो: अमक्याच्या कारखान्यामागे, नळाशेजारची खोली. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेमुळे गावाकडच्या कार्डावर इथे धान्य घेता येऊ लागलं, कारण बोटाच्या ठशाला पत्त्याची गरज नाही. पण रुग्णवाहिकेला असते. आग विझवायला येणाऱ्या बंबाला असते. तिथे दहा अक्षरं फोनवर सांगता येणं म्हणजे वेळेत पोहोचणं. डिजिपिनमध्ये राहणाऱ्याचं नाव नसतं, फक्त जागा असते, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे पत्त्याची नोंद यूपीआयसारखी, मालकाच्या संमतीनंच उघडणारी असावी, असा ‘ध्रुव’ नावाचा प्रस्तावही सरकारनं मांडला आहे. संमतीचा हा भाग कायद्यात पक्का व्हायलाच हवा.

कोड काढण्याचा प्रोग्रॅम खुला आहे आणि अवघ्या काही ओळींचा आहे. अक्षांश-रेखांश ठाऊक असले की इंटरनेटही लागत नाही. भिवंडीतल्या कुठल्याही महाविद्यालयातला विद्यार्थी तो एका दुपारी लिहून काढेल, आणि आपलं घर ‘के’मध्ये पडतं की ‘४’मध्ये, हे त्याला बाराव्या प्रश्नालाच कळेल.