तिकिटाच्या गणितावर बांधलेली पाणबुडी

15 जुलै 2022. उत्तर अटलांटिकमध्ये ‘टायटन’ ही पाणबुडी टायटॅनिकच्या अवशेषांपर्यंत जाऊन वर येत होती. तिची ही ऐंशीवी बुडी. पृष्ठभाग जवळ आला आणि आत बसलेल्यांना मोठा धाडकन आवाज ऐकू आला. कवच बाहेरच्या चौकटीत सरकून जागेवर बसलं असावं, असा अर्थ ‘ओशनगेट’ कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांनी लावला. कवचावर बसवलेले ताणमापक मात्र वेगळंच सांगत होते. तोवर खोलीबरोबर ताण ठरावीक रेषेत चढायचा आणि उतरायचा. त्यानंतरच्या बुड्यांत ती रेष बदललेली दिसते. कार्बन फायबरचे थर एकमेकांपासून सुटत होते. नोंद कंपनीच्या हातात होती. ती वाचून ‘आता ही पाण्यात उतरणार नाही’ असं ठणकावून सांगू शकेल, असं त्रयस्थ माणूस मात्र कुठेच नव्हतं.

पुढच्या वर्षी, 18 जून 2023 ला, ‘पोलर प्रिन्स’ या जहाजावरून टायटन पुन्हा उतरली. आत पाच जण होते. स्वतः रश, टायटॅनिकपर्यंत अनेकदा जाऊन आलेले फ्रेंच पाणबुडे पॉल-आँरी नार्जोले, एक ब्रिटिश साहसी, एक पाकिस्तानी वंशाचे उद्योगपती आणि त्यांचा 19 वर्षांचा मुलगा. सुमारे 3,300 मीटरवरून ‘दोन वजनं टाकली’ असा निरोप आला आणि संपर्क तुटला. चार दिवस सारं जग प्राणवायूचे तास मोजत राहिलं. प्रत्यक्षात कवच पहिल्याच दिवशी मिलिसेकंदांत आत दबून चुरडलं होतं. 22 जूनला अवशेष सापडले.

टायटॅनिक सुमारे 3,800 मीटर खोल आहे. तिथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर जवळपास चारशे किलोचा भार येतो. हा भार सर्व बाजूंनी सारखा वाटून घेणारा आकार म्हणजे गोल; म्हणून खोल जाणाऱ्या पाणबुड्यांत माणसं बसतात ती धातूच्या गोलात. पण गोलात दोघे-तिघेच मावतात, तो जड असतो, आणि त्याला उचलायला मोठं जहाज लागतं. टायटनचं तिकीट होतं माणशी अडीच लाख डॉलर, आणि धंदा चालायला जास्त माणसं हवी होती. म्हणून गोल सोडून नळकांडं आलं, ते हलकं राहावं म्हणून कार्बन फायबर आलं, आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमची कडी सरसाने चिकटवून त्यांवर टायटॅनियमचे अर्धगोल बसवले गेले. कार्बन फायबर ओढ उत्तम सोसतं, म्हणून ते विमानाला चालतं. इथे मात्र ते बाहेरून दाबलं जाणार होतं, तेही पुन्हा पुन्हा. अपघातानंतरच्या तपासणीत सुमारे पाच इंच जाडीच्या त्या भिंतीत सुरकुत्या आणि पोकळ्या आढळल्या. माझ्या मते हा अपघात ड्रॉइंग बोर्डावरच सुरू झाला होता, खर्च आणि आसनं यांचा मेळ घालताना.

इशारे द्यायला माणसं पुढे आली नाहीत असंही नाही. कंपनीचेच सागरी विभागप्रमुख डेव्हिड लॉकरिज यांनी जानेवारी 2018 मध्ये लेखी आक्षेप घेतले. समोरची खिडकी फक्त 1,300 मीटरपर्यंत प्रमाणित असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. त्यांची नोकरी गेली, वर कंपनीने त्यांच्यावरच दावा ठोकला. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या 38 जाणकारांनी त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणपत्र घेण्याचा आग्रह धरणारं पत्र तयार केलं. कंपनीचं म्हणणं, अशा तपासण्यांनी नवनिर्मिती अडते. पहिल्या कवचाला तडा गेल्यावर दुसरं बनवलं गेलं. तेही कुणी बाहेरच्याने तपासलं नाही. 2022 च्या मोसमानंतर तर पाणबुडी कॅनडातल्या कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवली गेली.

कायद्याची वाट कंपनीने शोधून ठेवली होती. बुडी आंतरराष्ट्रीय पाण्यात, पाणबुडीची नोंद कुठल्याच देशात नाही, आणि पैसे भरणाऱ्यांना ‘प्रवासी’ न म्हणता ‘मोहीम विशेषज्ञ’ म्हणायचं, म्हणजे प्रवासी वाहतुकीचे नियम लागू होऊ नयेत. अमेरिकी तटरक्षक दलाच्या ऑगस्ट 2025 च्या अहवालाने ही दुर्घटना टाळता आली असती, असा स्पष्ट निष्कर्ष काढला.

धोका फक्त खोल पाण्यात असतो असं समजू नये. मार्च 2025 मध्ये इजिप्तमधल्या हुरघाडाजवळ ‘सिंदबाद’ ही पर्यटक पाणबुडी बुडून सहा रशियन पर्यटक दगावले. ती पंचवीस मीटरच्या आसपास फिरवण्यासाठी होती. उथळ पाण्यात दाब मारत नाही. बंद डब्यातून चाळीस-पन्नास माणसं भराभर बाहेर काढता येत नाहीत, तेच मारतं.

आपल्याकडे चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य 6000’ ही खोल समुद्रात जाणारी पाणबुडी बनवते आहे. तिघांसाठी 2.1 मीटर व्यासाचा, 80 मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल. तिथे तिकीट विकायचं नाही, म्हणून गोल सोडायची वेळ आली नाही. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात निवृत्त युद्धनौका ‘आयएनएस गुलदार’ बुडवून तिच्याभोवती पाणबुडीतून पर्यटन सुरू करण्याचा प्रकल्प मात्र तिकिटावरच चालणार आहे. कोकणाला त्यातून रोजगार मिळावा, हे मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच आरक्षण उघडण्याआधी तीन गोष्टी जाहीर व्हायला हव्यात: पाणबुडीला प्रमाणपत्र कोणत्या त्रयस्थ संस्थेचं, ती अडकली तर मदत किती वेळात आणि कुठल्या बंदरातून पोहोचणार, आणि एखाद्या सकाळी भरलेल्या तिकिटांसकट फेरी रद्द करण्याचा अधिकार नेमका कुणाच्या हातात.